तीन ‘तात्पुरते’ निर्णय : निक्सन यांचे १५ ऑगस्ट १९७१ चे भाषण

रविवार, १५ ऑगस्ट १९७१. वॉशिंग्टनमध्ये रात्रीचे नऊ वाजले होते. तेव्हा टोकियोत सोमवार सकाळचे दहा झाले होते आणि मुंबईत सोमवार सकाळचे साडेसहा. अध्यक्ष रिचर्ड निक्सन टीव्हीवर आले आणि त्यांनी अमेरिकी अर्थव्यवस्थेविषयीचे कार्यक्रमपत्र वाचून दाखवले. त्यातल्या तीन निर्णयांना मुदत होती, निदान तसे सांगितले होते. किमती, भाडी आणि वेतन ९० दिवस गोठवले होते. डॉलरच्या बदल्यात सोने देणे ‘तात्पुरते’ स्थगित केले होते. आयातीवर १० टक्क्यांचा ‘तात्पुरता’ अधिभार लावला होता.

पहिल्या निर्णयातून निघालेली नियंत्रणे साडेबत्तीस महिने चालली. तिसरा चार महिन्यांत उठला. दुसरा कधीच उठला नाही. राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक भाषणात आदेश किती, आश्वासन किती आणि आर्जव किती, हे वेगळे काढायला शिकायचे असेल तर याच्याइतके उघडे प्रकरण दुसरे मिळणे कठीण. भाषणाचा मजकूर, आदेशांची कलमे आणि पुढचे आकडे असे सगळे पन्नास वर्षांहून अधिक काळ समोर आहे.

अडचण नेमकी काय होती

दोन अडचणी होत्या, एक घरची आणि एक बाहेरची. भाषणाने त्या एकत्र बांधल्या, पण त्यांची मुळे वेगळी होती.

घरी बेरोजगारी ६ टक्क्यांच्या आसपास अडकली होती आणि निवडणूक सव्वा वर्षावर आली होती. महागाई मात्र उतरत होती, आणि हा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. १९७० च्या सुरुवातीला ग्राहक किंमत निर्देशांकाची वार्षिक वाढ ६ टक्क्यांच्या वर होती. ऑगस्ट १९७१ मध्ये ती साडेचार टक्क्यांच्या जवळ आली होती. म्हणजे किमती गोठवल्या त्या आग भडकलेली असताना नव्हे, निवताना. लोकांना मात्र ती निवताना दिसत नव्हती, आणि राजकारणात तेवढे पुरते.

बाहेरची अडचण जास्त गंभीर होती. १९४४ च्या ब्रेटन वुड्स व्यवस्थेत इतर देशांची चलने डॉलरला बांधलेली होती आणि डॉलर सोन्याला, एका औंसाला ३५ डॉलर या भावाने. हे सोने कोणालाही मिळत नसे. परदेशी सरकारे आणि त्यांच्या मध्यवर्ती बँका यांनाच ते मागता येई. अमेरिकी नागरिकाला तर १९३३ पासून गुंतवणूक म्हणून सोन्याची नाणी किंवा लगडी बाळगायलाही बंदी होती. १९७१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेकडे सुमारे १० अब्ज डॉलरचे सोने उरले होते आणि परदेशी मध्यवर्ती बँकांच्या हातातले डॉलर त्याच्या कितीतरी पट होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा प्रकार. सगळ्यांनी एकदम मागितले नाही तोवरच व्यवस्था चालणार होती. मे महिन्यात पश्चिम जर्मनीने मार्कचा स्थिर दर सोडला. १८९३ नंतर पहिल्यांदाच अमेरिकेच्या वस्तुव्यापारात वार्षिक तूट येणार अशी चिन्हे दिसू लागली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रिटनकडून आपल्या डॉलरसाठ्याच्या मूल्याची हमी मागणारी विचारणा आली आणि वॉशिंग्टनची झोप उडाली.

कॅम्प डेव्हिडचा शनिवार-रविवार

शुक्रवारी, १३ ऑगस्टला, निक्सन यांनी निवडक मंडळींना कॅम्प डेव्हिड या अध्यक्षांच्या विश्रामस्थानी नेले. अर्थमंत्री जॉन कॉनली, फेडरल रिझर्व्ह या अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष आर्थर बर्न्स, अंदाजपत्रक कार्यालयाचे जॉर्ज शुल्ट्झ, आर्थिक सल्लागार पॉल मॅकक्रॅकन आणि हर्बर्ट स्टाइन, चलनविषयक उपमंत्री पॉल व्होल्कर आणि भाषणलेखक विल्यम सफायर. बाहेर फोन करायला मनाई होती. परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स तिथे नव्हते, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजरही नव्हते. डझनावारी मित्रदेशांच्या चलनांवर परिणाम करणारा निर्णय परराष्ट्र खात्याला बाहेर ठेवून झाला, हे पुढच्या चार महिन्यांच्या कटुतेचे एक कारण.

सोन्याची खिडकी बंद करायला, म्हणजे डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवायला, बर्न्स यांचा विरोध होता. त्यांचे म्हणणे असे की, किमती गोठवा आणि अधिभार लावा, सोने मात्र चालू ठेवा, कारण तो शब्द एकदा मोडला की परत जोडता येणार नाही. कॉनली यांना सगळे एकाच झटक्यात हवे होते. निक्सन कॉनलींकडे झुकले.

वेळेवरूनही वाद झाला. रविवारी रात्री नऊला ‘बोनांझा’ ही अतिशय लोकप्रिय मालिका लागे. ती अडवली तर प्रेक्षक चिडतील, अशी काळजी निक्सन यांना होती. सोमवारी बाजार उघडण्याआधी बोलायलाच हवे, या मुद्द्यापुढे ती काळजी टिकली नाही. पण ‘बाजार उघडण्याआधी’ म्हणजे न्यूयॉर्कचा आणि युरोपचा बाजार. टोकियोत भाषणाच्या वेळी बाजार चालू होता. युरोपने आपले परकीय चलन बाजार आठवडाभर बंद ठेवले. जपानने तो उघडा ठेवला आणि डॉलरला ३६० येनचा जुना दर राखण्यासाठी बँक ऑफ जपान जवळजवळ दोन आठवडे डॉलर विकत घेत राहिली. आधी अब्जावधी डॉलर पदरात घेतले आणि २८ ऑगस्टला तो दर सोडला. घोषणेची वेळ चुकली की तिची किंमत तिसराच कोणी मोजतो, त्याचे हे उदाहरण.

भाषणातली क्रियापदे

भाषणाची सुरुवात अर्थशास्त्राने होत नाही, शांततेने होते. (व्हिएतनामचे) युद्ध संपवण्याबद्दल आपण अनेकदा बोललो, आता शांततेच्या आव्हानांकडे वळू, असे निक्सन म्हणतात. बेरोजगारीचे कारणही तिथूनच येते. लष्करातून आणि संरक्षण कारखान्यांतून २० लाख माणसे मोकळी झाली, म्हणून कामे कमी पडत आहेत. वाईट आकडा चांगल्या बातमीचा परिणाम म्हणून मांडायची ही रीत जुनी आहे, आणि इथे ती अंशतः खरीही होती.

मजकूर हातात घेतला की आधी क्रियापदे वेगळी काढावीत. ‘मी आदेश देत आहे’ हे वाक्य किमती आणि वेतन गोठवण्यापुढे आहे. त्यामागे १९७० चा आर्थिक स्थिरीकरण कायदा होता. निक्सन किंमत-नियंत्रणाला उघड विरोध करत होते, तेव्हा विरोधकांच्या बहुमताच्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, हा अधिकार त्यांच्या गळ्यात घातला होता, ते वापरणार नाहीत याच हिशेबाने. जूनच्या अखेरीस कॉनली यांनी जाहीरपणे चार नकार दिले होते : किंमत-वेतन मंडळ नाही, सक्तीची नियंत्रणे नाहीत, करकपात नाही, खर्चवाढ नाही. सात आठवड्यांत नियंत्रणे आली आणि करकपातही आली. ‘मी अर्थमंत्र्यांना निर्देश दिला आहे’ हे वाक्य सोन्यापुढे आहे. हेही तात्काळ लागू. आदेश आणि निर्देश मिळून जे होते, ते सोमवारी सकाळी खरे झाले.

‘मी काँग्रेसला विनंती करीन’ या वर्गात करांच्या सगळ्या गोष्टी येतात. नव्या यंत्रसामग्रीवर पहिल्या वर्षी १० टक्के आणि नंतर ५ टक्के करसवलत, मोटारींवरचा ७ टक्के अबकारी कर रद्द, आणि १९७३ मध्ये येणारी प्राप्तिकर सूट एक वर्ष आधी. मोटारीमागे सरासरी २०० डॉलर वाचतील आणि जास्तीच्या दर एक लाख गाड्यांमागे २५ हजार नव्या नोकऱ्या येतील, असा हिशेब भाषणात आहे. डिसेंबरमध्ये कायदा झाला तेव्हा मोटारींचा कर गेला, पण यंत्रांवरची सवलत सरसकट ७ टक्के झाली. श्रोत्याच्या कानात दहाचा आकडा राहिला आणि कारखानदाराच्या विवरणपत्रात सात आला.

चौथा वर्ग आवाहनाचा. लाभांश वाढवू नका, असे कंपन्यांना सांगितले, पण ती सक्ती नव्हती. वेतन मात्र सक्तीने गोठले. कामगार संघटनांचे नेते जॉर्ज मीनी यांनी लगेच बोट ठेवले ते याच ठिकाणी : पगार बांधले, नफा मोकळा.

केंद्रीय खर्चात ४.७ अब्ज डॉलरची कपात, सरकारी नोकरसंख्येत ५ टक्के घट आणि परदेशी आर्थिक मदतीत १० टक्के घट, अशाही घोषणा होत्या. घोषित कपात बहुधा ‘नियोजित वाढीतून’ केलेली असते, एकूण खर्चातून नाही. १९७१ च्या वित्तीय वर्षात केंद्रीय खर्च सुमारे २१० अब्ज डॉलर होता, १९७२ मध्ये सुमारे २३१ अब्ज झाला. तूट दोन्ही वर्षी २३ अब्जांच्या घरात राहिली.

‘उद्याही तितकाच’

भाषणातले सर्वांत कसबी वाक्य डॉलरच्या किमतीबद्दलचे आहे. आशय असा : अवमूल्यनाचा बागुलबुवा मनातून काढून टाका. परदेशी गाडी घ्यायची किंवा परदेशी फिरायला जायचे असेल, तर तुमच्या डॉलरला किंचित कमी मिळेल. पण बहुसंख्य अमेरिकनांसारखे तुम्ही अमेरिकेत बनलेला माल अमेरिकेतच घेत असाल, तर तुमचा डॉलर उद्याही आजइतकाच मोलाचा असेल.

याला खोटे म्हणता येत नाही. ‘उद्या’ हा शब्द अक्षरशः घेतला तर किमती गोठवलेल्याच होत्या. सगळा भार त्या ‘जर’वर आहे. अमेरिकी मालात परदेशी कच्चा माल नाही, परदेशी इंधन नाही आणि आयात महागल्यावर देशी उत्पादक आपला भाव वाढवणार नाही, असे धरले तरच वाक्य पुढेही टिकते. तेलाने ते गृहीतक मोडले. तेलाचे भाव डॉलरमध्ये ठरत होते. डॉलर घसरल्याची भरपाई म्हणून तेल निर्यातदार देशांनी जानेवारी १९७२ मध्ये जिनिव्हात तेल कंपन्यांकडून ८.४९ टक्के वाढ घेतली. ऑक्टोबर १९७३ च्या तेलसंकटाच्या आधीची ही गोष्ट.

याच धर्तीचे वाक्य चार वर्षांपूर्वी लंडनमध्ये बोलले गेले होते. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड २.८० डॉलरवरून २.४० वर आणल्यावर पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी, तुमच्या खिशातल्या पौंडाचे मोल काही कमी झालेले नाही, असे सांगितले. तो टोमणा त्यांना जन्मभर पुरला. निक्सन यांच्या वाक्याची तेवढी चेष्टा झाली नाही, कारण त्यात ‘जर’ होते आणि शेजारी किमती गोठवल्याची गोळी होती. मांडणीचा क्रमही त्यासाठीच होता : आधी नोकऱ्या, मग महागाई, आणि सर्वांत शेवटी सोने, तेही ‘आंतरराष्ट्रीय सट्टेबाजांच्या’ हल्ल्यापासून डॉलरचे रक्षण म्हणून. दिलेला शब्द मागे घेणे हे बचावाचे पाऊल म्हणून सादर झाले. अमेरिकेचे डॉलर परदेशात का साचले, त्यात युद्धाचा खर्च किती आणि सैल पतधोरण किती, हे सट्टेबाजांच्या आड गेले.

सोमवारी न्यूयॉर्क शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ३२.९३ अंकांनी वाढला. ३ कोटी १७ लाख समभागांचे व्यवहार झाले आणि तो त्या वेळचा उच्चांक होता. पहिल्या दिवसाचा बाजार भाषणाला दाद देतो, धोरणाला नाही.

गोठवलेल्या किमती : काय चालले, काय बिघडले

नियम कागदावर सोपा होता. १४ ऑगस्टला संपणाऱ्या ३० दिवसांत विक्रेत्याने ज्या सर्वांत चढ्या भावाने भरीव प्रमाणात व्यवहार केला, तो भाव कमाल. उल्लंघनाला ५ हजार डॉलरपर्यंत दंड. कच्चा शेतमाल मोकळा. देखरेखीसाठी राहणीमान-खर्च परिषद नेमली, पण हाताखाली माणसे थोडी. तक्रारी घ्यायचे काम आपत्कालीन सज्जता कार्यालयावर आणि प्राप्तिकर खात्याच्या गावोगावच्या कचेऱ्यांवर पडले.

पहिले ९० दिवस हे बऱ्यापैकी चालले. वार्षिक हिशेबाने किंमतवाढ २ टक्क्यांच्या आसपास आली. कारणे तीन. गोठवणे अचानक झाले, त्यामुळे आधी भाव चढवून ठेवायला कोणाला सवड मिळाली नाही. ते जवळजवळ सर्वांना लागू होते. आणि ते थोड्या काळासाठी आहे, असे सगळ्यांना वाटत होते. अन्याय लगेच दिसले ते वेतनात. सप्टेंबरपासून वाढ मिळायचा करार झालेल्या शिक्षकांची वाढ अडकली, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वाढ मिळालेला शेजारी मात्र सुटला.

१४ नोव्हेंबरला दुसरा टप्पा सुरू झाला. वेतन मंडळाने वाढीची मर्यादा ५.५ टक्के ठेवली, किंमत आयोगाने एकूण उद्दिष्ट २.५ टक्के धरले. १० कोटी डॉलरपेक्षा जास्त विक्रीच्या कंपन्यांना भाव वाढवण्याच्या ३० दिवस आधी कळवावे लागे. मार्च १९७२ मध्ये बहुतेक कामगार प्रतिनिधी मंडळाबाहेर पडले. तरीही १९७२ ची सरासरी महागाई सव्वातीन टक्क्यांच्या आसपास राहिली. त्याच वर्षी फेडरल रिझर्व्ह पैसा सैल सोडत होती आणि अर्थव्यवस्था ५ टक्क्यांहून जास्त वेगाने वाढत होती. झाकण घट्ट आणि खाली जाळ मोठा. नोव्हेंबरमध्ये निक्सन ५० पैकी ४९ राज्ये जिंकले.

बिघाड १९७३ चा. जानेवारीत नियंत्रणे जवळजवळ स्वेच्छेवर सोडली. १९७२ च्या जागतिक पीकतुटीने आणि सोव्हिएत धान्यखरेदीने अन्नाचे भाव आधीच चढले होते, त्यात फेब्रुवारीत डॉलरचे दुसरे अवमूल्यन झाले. मार्चअखेर मांसावर कमाल भाव आला आणि १३ जूनला सगळ्या किमती पुन्हा ६० दिवसांसाठी गोठल्या. १९७१ ची पहिलीच कल्पना, पण आता तिन्ही कारणे नाहीशी झाली होती. हे होणार असा बाजाराचा अंदाज होता, सवलती अनेक होत्या, आणि ‘थोडा काळ’ यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता.

यंत्र तुटले ते कच्चा माल आणि तयार माल यांच्या सांध्यावर. मका आणि सोयाबीन मोकळे, म्हणून कोंबडीखाद्य महाग. कोंबडीचा भाव बांधलेला. पिल्लू वाढवायला येणारा खर्च विक्रीच्या भावापेक्षा जास्त झाला, तेव्हा काही उत्पादकांनी पिल्ले पाण्यात बुडवून मारली, आणि ती दृश्ये टीव्हीवर घरोघरी पोहोचली. गोमांसावरची मर्यादा सप्टेंबरात उठणार हे जाहीर होते, म्हणून जनावरे गोठ्यातच थांबली आणि दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या. खताचा देशी भाव बांधलेला आणि बाहेरचा चढा, म्हणून खत निर्यातीला गेले. सोयाबीन अमेरिकेतच राहावे यासाठी २७ जूनला त्याची निर्यात रोखली. त्याचा फटका बसला तो पुन्हा जपानला.

कायदा ३० एप्रिल १९७४ ला संपला. त्या वर्षीची सरासरी महागाई ११ टक्के होती. तेलाच्या किमतींवरचे नियंत्रण वेगळ्या कायद्याखाली जगले आणि जानेवारी १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी ते काढले. नव्वद दिवसांचे शेपूट साडेनऊ वर्षे लांब निघाले.

अधिभार, आणि मग सोने

आयात अधिभार हा दबावाचा सोटा होता, आणि त्याने काम केले. १८ डिसेंबर १९७१ ला वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत दहा देशांचा करार झाला. येन ३६० वरून ३०८ वर आला, सोने ३५ वरून ३८ डॉलरवर गेले आणि अधिभार उठला. त्याची एक शेपटी न्यायालयात वळवळत राहिली. झिप आयात करणाऱ्या योशिदा कंपनीने अध्यक्षांना असा कर लावण्याचा अधिकारच नाही, असा दावा लावला. १९७४ मध्ये सीमाशुल्क न्यायालयात ती जिंकली आणि १९७५ मध्ये अपिलात हरली. आणीबाणीच्या अधिकारातून आयातकर लावण्याचा वाद निघाला की अमेरिकी वकील आजही हा निकाल काढतात.

भारताला या भाषणाचा हिशेब मुंबईत, रिझर्व्ह बँकेत मांडावा लागला. जून १९६६ च्या अवमूल्यनापासून रुपया डॉलरला ७.५० वर होता. तो दर डिसेंबरपर्यंत तसाच ठेवला आणि मग रुपया पौंडाला बांधला, एका पौंडाला १८.९६७७ रुपये. जून १९७२ मध्ये पौंडानेच स्थिर दर सोडला आणि घसरू लागला, त्याच्याबरोबर रुपयाही. सप्टेंबर १९७५ मध्ये चलनांच्या टोपलीचा, म्हणजे अनेक चलनांवरून मिळून दर ठरवण्याचा, मार्ग धरेपर्यंत हे चालले.

भाषणाच्या शेवटी निक्सन यांनी १७७५ मधल्या एका रोजनिशीतले वाक्य वाचले होते : अमेरिकेचे सर्वोत्तम दिवस सरले, असे अनेक विचारी माणसांना वाटते. हे राष्ट्र जन्मायच्याही आधी असे लिहिले गेले होते, मग आजच्या निराशेचे काय एवढे, असा त्याचा रोख. प्रगतीची भाषा शेवटी आली आणि टाळ्यांची जागा तीच होती. सोन्याच्या परिच्छेदात एकच ‘तात्पुरते’ होते आणि त्यापुढे ना तारीख होती ना अट.

फेब्रुवारी १९७३ मध्ये सोन्याचा अधिकृत भाव ४२.२२ डॉलर झाला. त्या भावाने कोणी सोने देत नव्हते, कोणी घेत नव्हते. मार्चमध्ये मोठी चलने तरंगू लागली, म्हणजे त्यांचे दर बाजारावर सोडले गेले. १९७४ अखेर नागरिकांना सोने बाळगायची परवानगी परत मिळाली, तेव्हा बाजारभाव १८० डॉलरच्या वर होता. एप्रिल १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या घटनेतली दुरुस्ती लागू झाली आणि सोन्याचा अधिकृत भाव जगाच्या नियमांतून गेला. अमेरिकी अर्थखात्याच्या जमाखर्चात मात्र सरकारी सोने अजूनही औंसाला ४२.२२ डॉलरनेच मांडलेले असते.